सूत-सफेद्याचा बंपर

नाव : श्री. थॉमस शांतवन लोंढे. वय : एकोणसाठ. मुक्काम : श्रीरामपूर, स्टेशनच्या अलीकडे. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याला नख नाही. पद : मानद साहित्य तंत्रज्ञ, जिल्हास्तरीय पूल निवड चाचणी (मुली). कर्तव्ये : स्पर्धकांच्या क्यूंना बंपर व एक्स्टेन्शन सुरक्षितरीत्या बसवून देणे. अनुभव : सत्तावीस वर्षे.

हा कागद आयोजकांनी काढला, आणि त्यात खोटं असं काही नाही. सत्तावीसपैकी एकवीस वर्षं लोंढे यांनी बोअरमध्ये मोटारी सोडल्या, एवढंच त्यात आलेलं नाही. मोटार तीनशे फुटांवर लोंबते आणि तिला धरून असते ती वीस-वीस फुटी पाइपांची माळ. प्रत्येक जोडाच्या आट्यांवर सुताचे वेढे, वर सफेद्याचा लेप, मग पान्याने जीव खाऊन आवळणं. रात्रभरात त्याचा दगड होतो. लोंढे यांचा आयुष्यात एकच जोड सुटला. भिमाजी नावाच्या माणसाची मोटार तळाला गेली, ती अजून तळालाच आहे. त्यानंतर ते कुठलीही आट्यांची वस्तू हातात आली की ती जगबुडीपर्यंत टिकेल अशी बसवू लागले. घरातल्या मिठाच्या बरणीचं झाकण त्यांच्या बायकोनं एकदा दगडाने फोडलं होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर पूल क्लब निघाला. पूलच्या काठीला, म्हणजे क्यूला, बुडाशी एक रबरी बूच असतं. क्यू जमिनीवर टेकवला तर लाकूड फुटू नये म्हणून. त्याला बंपर म्हणतात. खेळणारे क्यू आपटतात, बंपर ढिला होतो, मग हरवतो. कुणीतरी खाली येऊन म्हणालं, "काका, एवढं रबर बसवा की." लोंढे यांनी बसवलं. सूत, सफेदा, पाना. तो बंपर पुन्हा कधी निघाला नाही. राहात्याहून, नेवाशाहून लोक क्यू घेऊन यायला लागले. क्यू विकला तरी बंपर लोंढ्यांचाच राहतो, असं बोललं जाऊ लागलं. हा लौकिक रास्त होता, कारण त्यांतल्या कुणालाच बंपर कधी काढायचा नव्हता.

एंजलला काढायचा होता.

एंजल शाळेत शिपाई असलेल्या क्रिस्टीनाबाईंची मुलगी. वय सतरा, उंची चार फूट नऊ इंच. पूलमध्ये फटका मारताना निदान एक पाय जमिनीवर असावा लागतो, आणि एंजल टेबलावर लांब झाली की तिचे दोन्ही पाय हवेत जातात. यावर उपाय म्हणजे एक्स्टेन्शन : हातभर जोडदांडा. बंपर फिरवून काढायचा आणि त्याच भोकात दांडा फिरवून बसवायचा. क्यू लांबतो, पाय जमिनीवर राहतो. राज्य स्पर्धेसाठी पुण्याला जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती, आणि एंजलचं वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं.

शनिवारी ती क्यू आणि नवा दांडा घेऊन दुकानात आली.

"काका, बंपर लई खुळखुळतोय."

"खुळखुळ्याची दुकानं बाजारात हायेत. हितं कशाला आली?" म्हणत लोंढे यांनी क्यू घेतला. बंपर काढला, दांडा लावला, काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. सगळं बिनबोभाट. "झ्याक हाय. फिरवल्या फिरवल्या बसतंय." एंजल समाधानाने फोनकडे वळली.

तेवढ्यात एकजण मोटार घेऊन आला. ती जळाली कशी, यावर वाद सुरू झाला. लोंढे तोंडाने भांडत राहिले आणि हातांनी बंपर परत बसवत राहिले. हातांना एकच रीत ठाऊक होती.

"आता खुळखुळला तर नाव बदलीन," ते म्हणाले.

रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर वरच्या मजल्यावर अंतिम सामना झाला. समोर संगमनेरची धनश्री. चार-चार बरोबरी, शेवटचा डाव. एंजलचा फक्त काळा चेंडू उरला होता आणि तो पलीकडच्या भोकाच्या तोंडाशी बसला होता. ज्याने तो ढकलायचा तो पांढरा चेंडू मात्र टेबलाच्या मधोमध. पाच-साडेपाच फुटी माणसाने जांभई देत मारावा असा फटका. एंजलने पिशवीतून दांडा काढला आणि बंपर फिरवला.

फिरला नाही.

तिने तळवे ओढणीला पुसले. पुन्हा फिरवला. मग तिने लोंढ्यांकडे पाहिलं.

"काका, सफेदा लावला का काय?"

लोंढे आपल्या हातांकडे बघत राहिले.

"काका!"

"लावला, बाई."

"आरं, क्यूतनं पानी गळत हुतं का काय!" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही, म्हणणारासुद्धा नाही.

पंच रविराज सर म्हणाले, "तीन मिनिटं."

एकोणसाठ वर्षांचे लोंढे जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले आणि पाना घेऊन आले. बंपरभोवती टॉवेल गुंडाळला. क्यू धरायला कुणी पुढे होईना, तेव्हा धनश्रीनेच दुसरं टोक धरलं. पहिला झटका, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला ऊस मोडल्यासारखा आवाज झाला आणि धनश्री दोन पावलं मागे गेली.

बंपर निघाला होता. त्याच्याबरोबर स्क्रू निघाला होता आणि स्क्रूबरोबर क्यूचं वीतभर लाकूड. लोंढे यांनी सवयीने बिननखी अंगठ्याने जोड चाचपला. पक्का होता.

"आसं कसं झालं?" ते एंजलला विचारत होते. "आसं कसं झालं, बाई?"

एंजलने क्लबचा क्यू घेतला. त्याच्या बुडाशी लोंढ्यांचाच बंपर होता, त्यामुळे त्याला दांडा लावायचा प्रश्न नव्हता. ती टेबलावर पसरली, ताणली, आणखी ताणली, आणि मारलं. काळा सरळ भोकात गेला. खोली ओरडली. क्रिस्टीनाबाईंनी छातीवर क्रूस केला.

रविराज सरांचा हात वर होता. "दोन्ही पाय उचलले. फाउल."

फाउल करून काळा घातला तर डाव जातो. हा नियम खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होता, तरी सगळे सरांकडे असे बघत राहिले, जणू तो त्यांनी आत्ताच केला.

लोंढे टेबलाशी गेले. "सर, माजं नाव लिवा. चूक माजी हाय."

"कुठं लिहू? त्याला रकाना नाही, काका."

"मंग साहित्याचा दोष म्हनून लिवा. पुन्यांदा खेळू द्या तिला."

सरांनी मोडका तुकडा घेतला. बंपर ओढून पाहिला, फिरवून पाहिला. "साहित्यात दोष कुठंय? हालतसुद्धा नाही."

"त्येच तर सांगतोय, सर!"

सरांनी अहवाल पुरा केला. बंपर व एक्स्टेन्शन : सुरक्षित. तंत्रज्ञांचे काम : समाधानकारक.

एंजल पुण्याला गेली नाही.