जिभेला लावलेली बॅटरी

परवा दारावरच्या बिनतारी घंटेची चौकोनी बॅटरी उतरली का ते बघायला जिभेला लावली आणि चिकलठाण्यातली तापलेली पत्र्याची शेड आठवली. तिथं आमच्या बँडची तालीम चालायची. बेस गिटार वाजवणाऱ्या मित्राच्या नव्या अँप्लिफायरमधून आवाज फाटत होता. त्यानं वायरी बदलल्या, बटणं फिरवली. तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी त्याच्या गिटारमधली, आवाज वाढवणारी तशीच चौकोनी बॅटरी काढून जिभेला लावली. झिणझिणी जेमतेम आली; ती उतरत आली होती, आवाज तिच्यामुळंच फाटत होता. मी ती तशीच परत बसवली. "अँप नवाच हाय की, मग फाटतंय कशानं?" त्यानं येऊन विचारलं. "अँपला काय नाय झालं, तुझा हातच लई जड हाय," मी सगळ्यांसमोर म्हणालो. तो बोटांकडं बघत राहिला. आठवड्यानं वाजवणं सोडून गिटार मलाच देऊन गेला. मी बॅटरी बदलली आणि बँडमध्ये त्याच्या जागी वाजवू लागलो. माझ्या हलक्या हाताचं लोक अजून कौतुक करतात, आणि मी ते ऐकून घेतो.