ताटावर आडवे हात

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर माझं पोट वाटीएवढंही उरलेलं नाही. एक घास जास्त झाला की उलटी. घरात हे सगळ्यांना पाठ आहे. तरी आज मावशी श्रीखंडाचं पातेलं घेऊन पुढ्यात उभी! मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर तिने बोटांवरच वाढलं. आपल्याकडे ‘नको’ म्हणणारा लाजतोय असंच धरून चालतात. मी जाड होते तेव्हा हीच मावशी माझ्या ताटाकडे डोळे वटारून बघायची.

वाया कसं घालवायचं म्हणून बोटं चाटली आणि लगेच बेसिन गाठावं लागलं. मावशी मागोमाग आली, पाठीवरून हात फिरवत मायेने म्हणाली, “झालं ना पोट मोकळं? चल, आता गरम वरणभात वाढते.”