उभ्या राहिलेल्या बाईची सही

बियाण्याच्या दुकानावरचा फ्लेक्स दिसला आणि मी सायकलवरून उतरलो तो थेट भांडायलाच. फ्लेक्सवर धानाची लोंबी होती आणि ती माझी होती. म्हणजे धान दुसऱ्याचं, फोटो माझा. लोंबीवर बसलेला चतुर, पंखांवर दवाचे थेंब. त्या चतुरासाठी मी एका सकाळी दोन तास शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पालथा पडून होतो. अंगाला गवत चावत होतं, पण हललो नाही.

दुकानदार म्हणाला, "काका, मोबाइलवर आला, घेऊन टाकला. फोटोले काय मालक रायते का?"

"तुह्या दुकानाले रायते नं? मंग फोटोलेबी रायते. मले इचारलं होतं का?"

हेच वाक्य मी तिथे किती वेळा म्हणालो ते बाजारातल्या लोकांनी मोजलं असेल. अंधार पडायच्या आत फ्लेक्स उतरला. बुढा खट आहे, असं लोक म्हणाले. आहे.

माझा फोटो स्टुडिओ लाखांदूरच्या रस्त्यावर आहे. शाळेत चौथीपर्यंत गेलो. पण उजेड कुठून येतो आणि तोंडावर कसा पडतो, हे मला कोणी मास्तराने शिकवलं नाही, माझं मीच शिकलो. लग्नं, बारशी, आधार कार्डाचे फोटो यावर घर चाललं. मनासारखे फोटो मात्र मी शेतातून आणले, कधी मोबाइलवर चारजणांना पाठवले, बाकी ते तसेच पडून राहिले.

माझी सून सरकारी कचेरीत नोकरीला आहे, इंग्रजी वाचते. फ्लेक्सची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "मामाजी, असे किती दुकानदार पकडान? फोटो विकाच्या साइटवर टाका नं. तुमच्या नावानं राहीन. ज्याले पायजे तो लायसन्स घेईन."

लायसन्स गाडी चालवायला लागतं एवढंच मला ठाऊक. तिने समजावून सांगितलं. फोटो देऊन टाकायचा नाही, वापरू द्यायचा. बैलजोडी दुसऱ्याच्या नांगराला दिली तरी संध्याकाळी आपल्याच खुंट्याला येते, तसं. हे मला पटलं. आठ दिवस बसून दहा फोटो निवडले. सुनेने चढवले.

नऊ पास झाले. परत आला तो नेमका माझा लाडका.

तो गेल्या साली दिघोरीकडे रोवणं चालू असताना काढला होता. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर गाळ, त्यात आभाळ उतरलेलं, आणि नऊ बाया एका ओळीत धान रोवताहेत. आठजणी वाकलेल्या. कडेची एक मात्र पाठ सरळ करायला उभी राहिली, चिखलाचं मनगट कमरेवर टेकवलं आणि कशाला तरी खदाखदा हसली. नेमकं तेव्हाच माझं बटन दाबलं गेलं होतं.

सुनेने वाचलं, "उभ्या बाईचा चेहरा ओळखू येते. तिची लेखी परवानगी पायजे म्हणते."

"आन् बाकीच्या आठजणी?"

"त्यांच्या पाठीच दिसून राहिल्या, मामाजी. पाठीले परवानगी लागत नाई."

दुसरेही रस्ते होते. फोटो नुसता बातम्यांसाठी ठेवायचा, मग सही नको, पण जाहिरातवाल्याला किंवा कॅलेंडरवाल्याला तो घेता येणार नाही. नाहीतर उभी बाई कापून टाकायची. मी म्हणालो, अर्धं दार उघडून दुकान लावणारा मी नाही. आणि त्या बाईला कापलं तर राहिलं काय? पाणी आणि पाठी. मग सुनेने परवानगीचा कागद छापला, खाली मराठीत अर्थ लिहिला, आणि मी तो पिशवीत घालून निघालो.

ती बाई रोवणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. यंदाही टोळी त्याच भागात होती. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हात भरले हायेत, भाऊ, मंग या." दुसऱ्या दिवशी टोळी भलत्याच गावी गेलेली. तिसऱ्या दिवशी सापडली तेव्हा तिथल्या रोवण्याचा शेवटचा दिवस होता. मी धुऱ्यावरूनच कागद दाखवला, फोटो दाखवला, सगळं सांगितलं. तिने फोटो दुरूनच पाहिला. आवडला असावा, कारण लगेच तोंड फिरवलं.

"फोटोवाले भाऊ, हा काढला तवा मले इचारलं होतं का?"

मी कागदाची घडी घातली.

"बियाणंवाल्याले तं लय झोडपलं म्हणते तुमी. मले इचारलं होतं का, मले इचारलं होतं का! सारा बाजार सांगून राहिला."

"तो चतुराचा फोटो होता," मी म्हणालो.

"मंग चतुराले तरी इचारलं होतं का?" वाकलेल्या ओळीतून कोणीतरी बोललं. आठही पाठी गदगदा हलायला लागल्या.

मला राग आला. सायकल घेतली आणि निघालो. नहरापर्यंत गेलोही. पुलावर थांबलो, उगाच चेन पाहिली, चेन ठीक होती. मग माघारी वळलो. ती खरं बोलली होती, आणि फोटो चांगला होता. दोन्ही गोष्टी खोट्या करणं मला जमेना.

"बरं," मी धुऱ्यावर उभा राहून म्हणालो, "आता इचारतो. देता का परवानगी?"

"देतो नं. पण आदी चपला काढा आन् खाली या. एक ओळ रोवा. मी तुमचा फोटो काढतो. इचारून काढतो."

इथे एक सांगायला हवं. मी कॅमेऱ्याच्या मागचा माणूस. घरातल्या एकाही फोटोत मी नाही, मुलाच्या लग्नातसुद्धा नाही. बायको आजही टोमणा मारते, की फोटो पाहून लोकांना वाटेल पोरगं बिनबापाचंच. आणि त्या दिवशी अंगावर इस्त्रीची पॅन्ट होती.

पण मागे फिरायची सोय मीच संपवली होती. पॅन्ट गुडघ्यावर दुमडली. बाईने हात पदराला पुसले, कॅमेरा गळ्यात घातला. "इथं दाबाचं," मी म्हणालो. "समजते मले," ती म्हणाली, "मोबाइलवर नातीचे काढतो मी रोज."

परे, म्हणजे धानाची रोपं, हातात घेतले आणि वाकलो. दुरून हे काम किती सोपं दिसतं! चार चूड लावले तर पाच तिरके.

"का हो भाऊ, ही ओळ हाये का सापाची चाल?"

"वहिनी, कॅमेरा सांभाळा, ओळीचं मी पायतो."

रोवताना माणूस मागे मागे सरकतो. मागे सरकता सरकता माझी टाच गाळात रुतली आणि मी होतो तिथेच बसलो, मांडी घालून बसावं तसा. आमच्याकडे रोवणं सरलं की बाया मालकाला चिखल फासतात. मालक हुशार, त्या दिवशी फिरकलाच नव्हता. आयता मी सापडलो. आठही जणींनी ओंजळी भरल्या. कानात चिखल, मिशीत चिखल. मी ओरडत होतो असं मला वाटतं, पण फोटोत पाहिलं तर तोंड फाडून हसतो आहे.

नाल्यावर हात धुऊन तिने सही केली, सावकाश, एकेक अक्षर जपून. मग आठजणी पुढे आल्या. "पाठ आमचीच हाये नं? मंग आमचीबी सही पायजे." साक्षीदाराला एकच ओळ होती. तिच्यात आठ सह्या बसवल्या, काही कागदाच्या कडेने वर चढल्या.

घरी सुनेने तो कागद चढवला, मग माझा चिखलातला फोटो पाहिला आणि खुर्चीवरून पडता पडता राहिली. हसू आवरल्यावर म्हणाली, "पण मामाजी, हा फोटो तुमचा नाई. बटन जिनं दाबलं तिचा."

"कॅमेरा माझा!"

"असू द्या."

"कार्ड माझं! तोंड माझं!"

"तोंडाची तुमची सही लागीन," ती म्हणाली, आणि दुसरा कागद छापून माझ्यापुढे ठेवला. मी केली. नियम मीच बाजारभर सांगत फिरलो होतो.

थोड्या दिवसांनी रोवणाऱ्या बायांचा फोटो पास झाल्याचं आलं. आठ सह्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही. तो पडद्यावर दिसला, खाली माझं नाव, तेव्हा मी सुनेला तो तीनदा उघडायला लावला. मग दोन्ही फोटो मोठे करून स्टुडिओच्या काचेत लावले. बायांच्या फोटोखाली माझं नाव. चिखलातल्या बुढ्याखाली काढणारीचं.

बाजाराच्या दिवशी टोळी आली. रस्त्यावर ही गर्दी. म्होरकीने आधी स्वतःला पाहिलं, मग मला, मग वाकून खालची अक्षरं वाचली.

"भाऊ, माहं नाव इतकं लहान काहून? तुमचं तं रस्त्यावरून दिसते."

दुसऱ्या दिवशी नवी पट्टी छापली आणि तिचं नाव माझ्याएवढं केलं. निरोप आला की आणखी मोठं पाहिजे. तेवढं मात्र मी ऐकलेलं नाही.