जिभेवरचा चुना

सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणून मोहाडीतलं आमचं नवं घर सासऱ्यांनी चुन्यातच बांधायला काढलं. अंगणातल्या खड्ड्यात कळीचा चुना विरवायला एक म्हातारा यायचा. वरून पाणी पडलं की चुना रटरट उकळायचा. निवला की मुरला का ते बघायला म्हातारा तो बोटावर घेऊन थेट जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "अजून जळून राहिला." बघूनच माझ्या अंगावर काटा यायचा.

मी नवी सून. माझ्या स्वयंपाकाला घरात कुणी बरं म्हणत नसे. दुपारी आमच्याकडेच जेवणारा हा म्हातारा मात्र रोज पहिल्याच घासाला म्हणायचा, "मस्त झाली भाजी, बाई." त्याला मी भात जरा जास्तच वाढायची.

एका दुपारी त्याला वाढून आत आले आणि वांग्याची भाजी चाखली. मीठ दोनदा पडलं होतं, घास थुंकावा लागला. मी धावत बाहेर गेले. त्याची थाळी पुसल्यासारखी साफ होती.

"खारट नाही लागली?" मी विचारलं.

"चव तं कधीचीच गेली, बाई. चुन्याचं तेवढं समजते, तो जाळते म्हणून."

"मग रोज मस्त म्हणता ते?"

"तुमी वाढून माह्या तोंडाकडे पाहत उभ्या राहता ना."

एवढं बोलून तो खड्ड्याकडे गेला आणि पुन्हा बोटभर चुना त्यानं जिभेवर ठेवला. मी त्याची थाळी उचलून आत आले.

त्यानंतर वाढून झालं की मी कधी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.