दसऱ्याचा नवा पाइप

"मॅडम, सोमवारची बॅच बसली तर बसली. नाहीतर लोखंडाची भुकटी परत मागवतो," प्लांट हेड सर म्हणाले. रिअॅक्टरमधला निम्मा माल तसाच कच्चा राहत होता.

खालापूरजवळच्या आमच्या कारखान्यात रंगांसाठी लागणारं एक रसायन बनतं. पूर्वी ते लोखंडाच्या भुकटीने बनायचं. प्रत्येक बॅचमागे ढीगभर काळा चिखल निघायचा आणि तो मुकादम ठोंबरेंची गँग फावड्याने उपसायची. मी इथली केमिस्ट; मी हट्टाने त्याऐवजी निकेलचं कॅटॅलिस्ट आणलं. कॅटॅलिस्ट म्हणजे रिअॅक्शनला वेग देणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ. चिखल बंद झाला. लोधिवलीचे ठोंबरे तर निकेलच्या डब्याला 'निकेलराव' म्हणू लागले.

आणि आता निकेलराव रुसले होते.

मी कॅटॅलिस्टचा नवा डबा फोडून लॅबमध्ये चालवला. उत्तम. ड्रममधला कच्चा मालही त्याच्याबरोबर चालवला. तोही उत्तम. म्हणजे भानगड ड्रम आणि रिअॅक्टर यांच्या मधेच कुठेतरी होती. मी प्लांटवर गेले. कच्चा माल रिअॅक्टरमध्ये सोडणारा पाइप काळा कुळकुळीत होता आणि त्यावर हळदकुंकू होतं.

"ठोंबरे, हा कधी बसवला?"

"दसऱ्याला, मॅडम. जुना लय कळकट दिसत व्हता पूजेला. चौकच्या गॅरेजमदून आनला. एक नंबर रबर हाय."

माल बिघडला होता तो दसऱ्यानंतरच. मला एकदम संताप आला.

रबर टणक करायला त्यात गंधक घालतात. आमच्या कच्च्या मालात सॉल्व्हेंट, म्हणजे विरघळवणारा द्रव असतो, तो हे गंधक ओढून घेतो. गंधक निकेलवर जाऊन बसतं आणि एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी जागा अडवतं. मग कच्च्या मालाला तिथे बसताच येत नाही.

पाइपचा तुकडा मी सॉल्व्हेंटमध्ये बुडवून ठेवला. सॉल्व्हेंट पिवळं पडलं. ते लॅबच्या चांगल्या बॅचमध्ये ओतलं, तर रिअॅक्शन जागच्या जागी थंडावली.

ठोंबरेंचा चेहरा उतरला. "म्हंजे आमच्यामुळं परत फावडं?"

माझा संताप तिथेच विरला.

सरांना त्या पिवळ्या सॉल्व्हेंटची बाटली दाखवली. "न विचारता पाइप बदलला कोणी?" ते कडाडले.

"मी, साहेब," ठोंबरे पुढे झाले.

मी म्हटलं, "सर, पाइप यांनी पूजेसाठी बदलला. लोखंडाच्या जुन्या टाकीची पूजा यांनी कधी केली होती?"

सरांनी बाटली माझ्या हातात परत दिली. "सोमवारी बघू," एवढंच म्हणाले.

आम्ही जुना पाइप परत लावला, त्याला आतून गंधक नसलेल्या टेफ्लॉनचं अस्तर होतं, लाइन धुतली, कॅटॅलिस्ट नवं भरलं. सोमवारची बॅच पूर्ण बसली. लोखंडाची ऑर्डर गेली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पाइपच काय, साधा वायसरही लॅबला विचारल्याशिवाय बदलत नाहीत. पुढच्या दसऱ्याला ठोंबरे हार घेऊन लॅबच्या दारात उभे.

"मॅडम, झेंडू चालंल ना?"

"चालेल. फक्त बाहेरून."

गँगची सगळी फावडी एका कोपऱ्यात गंजत पडली होती. त्यांना कुणी कुंकूही लावलं नाही.