मालनकाकीची गाडी

परळच्या त्या चाळीत सकाळचा भोंगा झाला की मालनकाकीच्या खोलीत नऊ पोरं जमा व्हायची. सगळ्यात धाकटं दीड वर्षाचं, सगळ्यात थोरलं पाचाला टेकलेलं. त्यांच्या आया गिरणीत रिळं भरायला पळायच्या आणि दिवस मावळेपर्यंत ती नऊ वाहती नाकं एकट्या मालनकाकीच्या पदरात. पण दाराजवळून जाणाऱ्याला आत पोरं आहेत याचा पत्ता लागायचा नाही. लोक तोंडात बोटं घालायचे. शेजारच्या बिऱ्हाडातला गुणाजी म्हणायचा, "काकी, माझ्या बायकोक पण महिनाभर तुमच्याकडे ठेवतंय." बायको आतून भांडं आपटायची.

काकीला या कौतुकाचा अभिमान होता. खोटं कशाला बोला, चांगलाच होता.

मालवणाकडची मालन पंधराव्या वर्षी लग्न होऊन मुंबईत आली आणि विसाव्या वर्षी विधवा झाली. कडेवर सात महिन्यांची मुलगी. नवऱ्याच्या माघारी ती गिरणीत लागली. तेव्हा सगळ्याच आया सकाळी पोराला अफूची गोळी चाटवून जायच्या. पोर झोपून राहतं, सांभाळणाऱ्या म्हातारीला त्रास नाही. एके दिवशी पोरगी दुपारी जागी झाली म्हणून म्हातारीनं दुसरी गोळी दिली. संध्याकाळी मालन आली तेव्हा म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बघ, चेडू कसा निजला हा." ते मूल पुन्हा उठलं नाही.

मालन त्यानंतर गिरणीत गेली नाही. दुसऱ्यांची पोरं सांभाळायला लागली आणि आल्या-आल्या प्रत्येक आईला बजावायची की, अफू द्यायची असेल तर पोर दुसरीकडे ने. आया कबूल झाल्या. त्यांचं काय जात होतं? अफू न घेतलेलं पोर जागं असतं, आणि दहा हाताच्या खोलीत नऊ जागी पोरं म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं. एक चुलीकडे रांगतंय, एक मोरीत तोंड घालतंय, एक दुसऱ्याचा कान चावतंय. मारायला मालनचा हात उठत नव्हता. मग राहिलं काय? भीती. आधी मोरीतला बागुलबुवा झाला. त्यानं दोन वर्षं काढली. पुढे पोरं धीट झाली, वाकून बघायला लागली आणि आत नुसतं तांब्याचं घंगाळ निघालं. कोणी म्हटलंच की काकी, पोरांना एवढं भिववू नये, तर ती फणकारायची, "भियान मेललो कोण मी अजून बघूक नाय. गोळयेन मेलला बघलंय."

मग प्लेग आला आणि बागुलबुवाचं काम सरकारनंच सोपं करून टाकलं. आजाऱ्याला इस्पितळात नेणारी बंद गाडी रस्त्यानं फिरायला लागली. गेलेलं माणूस परत येईलच असं नव्हतं. खालच्या माळ्यावरच्या एका म्हाताऱ्याला तिच्यात चढवताना पोरांनी गॅलरीच्या गजांतून आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारा ओरडत होता. काकीनं तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बघलास? जो रडता, ज्याका दुखता, त्याका गाडी न्हेता." त्या दिवसापासून काकीनं नुसतं "गाडी इली!" म्हटलं की नवाची नऊ तोंडं मिटायची आणि सगळी भिंतीकडे तोंड करून बसायची. दीड वर्षाचं सुद्धा. मुंबईत अर्धी माणसं घरदार सोडून कोकणात पळत होती, आणि काकीच्या खोलीत इतकी शांतता पूर्वी कधी नव्हती.

अठराशे अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चातली गोष्ट. समोरच्या चाळीत झडती चालू होती. डॉक्टर, शिपाई, गोरे सोजीर खोलीखोलीत शिरून माणसांच्या काखा आणि जांघा चाचपत होते. उद्या या चाळीची पाळी. पोरं निदान स्वच्छ दिसावीत म्हणून काकीनं दुपारी एकेकाला मोरीत घेऊन खसाखसा घासायला काढलं. आठवी शांती. साडेतीन वर्षांची, शेवंताची एकुलती एक. सगळ्यांत शहाणी. एकदा बोट दारात सापडलं तरी हूं की चूं केलं नव्हतं हिनं. काकी सगळ्यांना तिचंच उदाहरण द्यायची.

पाय धुताना काकीच्या बोटांना शांतीच्या जांघेत गाठ लागली. सुपारीएवढी. अंगही जरा कोमट होतं.

तांब्या हातातून सुटला. गाठ हा शब्द त्या दिवसांत कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. उद्या डॉक्टरचं बोट या गाठीवर पडलं की पोर त्या गाडीत, आणि शेवंता रस्त्यावरून मागे धावणार.

पण काकी कोकणातली बाई होती. तिला आणखी एक शब्द ठाऊक होता: अवधाण. पायाला काही लागलं, आत पू धरला, की जांघेत अशीच गाठ येते. पाय बरा झाला की आपली आपण जिरते. शेतात राबणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा होतंच. तर हे अवधाण असेल. असायलाच हवं. पण मग पायात कुठेतरी जखम हवी. ती दाखवली तर उद्या डॉक्टरपुढे हात जोडून सांगता येईल की, साहेब, याच्यामुळे गाठ आहे.

तिनं शांतीला दारातल्या उजेडात बसवून दोन्ही तळवे उलटेपालटे केले. अनवाणी पोर. कोळशाच्या राखेतून हिंडून तळवे काळे, राठ, चिरलेले. वरून काही कळेना.

"खंय दुखता गो बाय?"

"नाय."

"हंय?" तिनं अंगठा दाबला.

"नाय."

"हंय?"

"नाय दुखणा."

चेहऱ्यावर एक आठी नाही. काकीनं बोट न् बोट दाबलं, टाच दाबली, घोटा दाबला. नाय, नाय, नाय. ती उठून गॅलरीत गेली. समोर शिट्टी वाजली, कोणीतरी बाई ओरडत होती. काकी आत आली. पुन्हा पाय धरला. पुन्हा नाय. मडक्यातला गुळाचा खडा काढून पुढे धरला. शांतीनं गूळ खाल्ला आणि नाय म्हणाली. काकी परत गॅलरीत गेली, परत आत आली, उगाच चुलीवरची पेज ढवळली. तिला एका जागी उभं राहवेना. उन्हं कलायला लागली होती आणि शेवंता यायची वेळ जवळ येत होती. तिला काय सांगायचं? गाठ आहे म्हणून, की अवधाण आहे म्हणून?

मग तिच्या एकदम लक्षात आलं की ही पोर खरं सांगायची नाही. दुखतं म्हणायला बंदी कोणी केली होती? आपणच.

ती शांतीच्या पुढ्यात बसली. "शांती, बाय माझी, मी खोटा सांगलंय गो. गाडी रडणाऱ्याक न्हेणा नाय. गाडी येणाच नाय."

शांतीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग गजांतून खाली बोट दाखवलं. "ती बघ."

समोरच्या चाळीच्या तोंडाशी खरंच गाडी उभी होती. घोडा मान खाली घालून शेपटी हलवत होता.

आता काकीचा तोल गेला. "बोल म्हटलंय ना!" म्हणून तिनं हात उगारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शांतीनं डोळे गच्च मिटले, ओठ आत ओढून घेतले आणि मार खायला तयार होऊन बसली. मागे आठ पोरं कोणी न सांगता भिंतीकडे वळली.

ते बघून काकीचा हात तसाच खाली आला आणि तिला रडूच कोसळलं. स्वतःच्या पोरीला मातीत ठेवल्यापासून ती कोणापुढे रडली नव्हती. आता पदरही डोळ्यांना लावायचं भान तिला राहिलं नाही. ती गळा काढून रडायला लागली.

शांती घाबरून उठली. तिनं दोन्ही तळहात काकीच्या तोंडावर दाबले. "गप! काकी, गप रव. गाडी येतली." काकी गप होईना. तेव्हा शांती तिची समजूत घालायला खाली बसली, उजवा पाय पुढे केला आणि टाचेच्या कडेला बोट ठेवलं. "माका बघ, हंय केवढा दुखता. मी रडतंय काय?"

काकीनं नाक पुसलं आणि दिवा लावला. सुई जाळावर धरली. टाचेचं राठ कातडं उकरलं तशी आतून पिवळा पू आला आणि त्यामागून अर्ध्या नखाएवढा काळा काटा. शिंगाळा माशाचा. गटाराकाठी मासे साफ करतात तिथे भरला असणार, चार दिवस तरी झाले असतील. मोठा बाप्या या काट्यानं ताप येऊन पडतो. "रड गो," काकी सुई चालवत म्हणत होती, "रड माझ्या बाय, मोठ्यान रड." शांतीच्या कपाळावर घाम डवरला होता, पण तिनं आवाज केला नाही. भिंतीकडच्या आठांतही कोणी मागे वळून पाहिलं नाही.

अवधाणच होतं. काकीनं हळद भरून फडकं बांधलं. काटा कागदात गुंडाळून डॉक्टरला दाखवायला ठेवला. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शेवंता केसांत कापसाची कुसं घेऊन धावतच आली. "त्रास दिल्यान काय गो काकी? रडला काय?"

काकीनं तिला खाली बसवून सगळं सांगितलं. गाठ, काटा, उद्याची झडती. शेवंता पहिल्यांदा पांढरीफटक पडली. मग काटा बघून तिच्या जिवात जीव आला आणि तिनं शांतीला उराशी धरलं. "इतका दुखला तरी रडूक नाय? शाणा गो माझा चेडू."

"शाणा नाय," काकी म्हणाली. "माझी पोर गोळयेन निजली, तुझी मी भियान निजवलंय. येवढोच फरक."

शेवंताला ते नीटसं कळलं नाही. "पण काकी," ती हळू आवाजात म्हणाली, "गाडी तर खरीच असा ना?"

खाली गाडीची चाकं खडखडली. समोरून कोणाला तरी घेऊन ती निघाली होती. नऊही पोरांची तोंडं मिटली.

काकीनं शांतीला शेवंताच्या मांडीवरून उचलून आपल्यासमोर उभी केली. "उद्या सायबान हात लावल्यान की बोंब मारूची. पायात दुखता म्हणान सांगूचा. मार बघू बोंब."

शांतीनं आईकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं, मग मोठा आ केला. आवाज काही निघाला नाही.

"परत," काकी म्हणाली.

पुन्हा आ. पुन्हा काही नाही.

"असा नाय गो, असा," म्हणून मालनकाकीनं तिचा हात धरून गॅलरीत नेलं, आणि गाडी अजून रस्त्याच्या वळणावर दिसत असतानाच, सगळी चाळ बाहेर येऊन बघेल एवढ्या मोठ्यानं स्वतःच बोंब ठोकली.