डाव्या हाताची कात्री

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज सलूनमध्ये एक मुलगी डाव्या हाताने माझे केस कापत होती. कात्री आमच्याच कारखान्यातली, नवख्या कारागिरालाही परवडणारी. एकही केस न ओढता अलगद चालत होती. ऊर अभिमानाने भरून आला.

माझा धाकटा भाऊ सदा केशकर्तन शिकला, पण डावखुरा. नेहमीच्या कात्रीत त्याच्या हातून केस कापले न जाता दुमडायचे. “दादा, मला पाती उलटी बसवून दे ना,” तो म्हणायचा. मी चारचौघांत म्हणायचो, “आधी तुझा हात सुलटा कर.” शेवटी त्याने धंदाच सोडला.

पुढे उलट्या पात्यांची पहिली कात्री बनली, ती मी त्यालाच नेऊन दिली. माफी मागायची होती. तोंडातून एवढंच निघालं, “धार बघ.”